लिडिया आजींचे दोन नवरे

६ जुलै २०१४, रविवार

केकचा डबा घेऊन घरी आले. केक लिडिया आजींनी केलेला, वर लोणी, साखर आणि मैद्याचा चुरा भुरभुरलेला. सिंगापुरात यिशुनच्या या फ्लॅटमधली मागची खोली मला भाड्यानं देणाऱ्या सुचित्राताईंनी अंडं आहे का विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत दुसरा तुकडा उचलला.

तर नवीन काम. आमच्या ऑफिसातले एक साहेब, ॲलेक्स बेकर, यांना कळलं की मला जर्मन येतं. लिडिया आजी त्यांच्या आई. बारा ऑक्टोबरला त्या ऐंशीच्या होतील. जर्मनी, कझाकस्तान, कॅनडा असे तिन्हीकडून नातलग इथं येणार आहेत, आणि त्या दिवशी भिंतभर वंशवृक्ष लावून आजींना चकित करायचं आहे. आजींना आधी काही कळू द्यायचं नाही. म्हणून मी दर रविवारी त्यांच्याकडे ‘जर्मन बोलायचा सराव करायला’ जायचं, त्यांच्या आठवणी ऐकायच्या आणि घरी येऊन झाड काढायचं.

बेकर मंडळी जर्मन, पण रशियातली. अडीचशे वर्षांपूर्वी रशियाच्या राणीनं जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गा नदीच्या काठी जमिनी देऊन बोलावलं, त्यांतले हे. १९४१च्या युद्धात सरकारनं सगळ्यांना गाड्यांत भरून कझाकस्तानात नेऊन टाकलं. नव्वद सालानंतर आजी कुटुंबासकट जर्मनीला परतल्या. ॲलेक्स म्हणाले, “रशियात आम्ही जर्मन, जर्मनीत आम्ही रशियन. इथं आल्यावर बरं वाटलं. इथं आम्ही नुसते आंग मो.” इथले लोक सगळ्याच गोऱ्यांना तसं म्हणतात.

मला हे काम फार मनापासून करायचं आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. पणजोबांचं नाव विचारलं तर पप्पा म्हणतात, बघू, कुणाला तरी विचारू. कुठल्याही माणसाचं असं होऊ नये.

आईचा कराडहून फोन होता. मालती मावशीचं पुन्हा निघालंय. मावशी आईची धाकटी बहीण, काका जाऊन पाच वर्षं झाली, दहा वर्षांची कस्तुरी पदरात. ब्लाउज शिवते. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या प्रबोध नलावड्यांनी तिला मागणी घातली आहे. त्यांचीही बायको वारलेली. मावशीनं आईला स्पष्ट सांगितलंय की ताई हो म्हणाली तरच करीन. आणि आईचं एकच: “आपल्यात कुणी केलंय का असं?”

केलं नाही म्हणून करायचं नाही? मी भांडले. आईनं फोन पप्पांकडे दिला. पप्पांनी इथलं हवामान विचारलं.

१४ जुलै, सोमवार

पहाटे जर्मनीनं वर्ल्डकप जिंकला. ॲलेक्स ऑफिसात जर्सी घालून आले. म्हणाले, आई रात्रभर जागी होती आणि जर्मन पोरांना रशियनमधून शिव्या देत होती. शिव्या रशियनमध्येच नीट बसतात म्हणे.

२० जुलै, रविवार

ॲलेक्सच्या वडिलांनी, म्हणजे व्हिक्टर आजोबांनी, मरण्यापूर्वी नातलगांची नावं आणि जन्मसालं टाइप करून ठेवली होती. कोण कुणाचं कोण ते मात्र नाही. सगळं रशियन लिपीत. दोन आठवडे अक्षरं गिरवली आणि आता मला वाचता येतं, सावकाश.

आणि गंमत अशी की यांची पद्धत अगदी आपल्यासारखी निघाली. आधी स्वतःचं नाव, मग मधलं नाव, मग आडनाव. ‘व्हिक्टर याकोव्हलेविच बेकर’ म्हणजे याकोबचा मुलगा व्हिक्टर. हे कळल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पुरुषांच्या फांद्या एका बैठकीत जोडून टाकल्या.

मग बायकांकडे वळले, आणि बसल्या जागी थक्क झाले. ‘लिडिया पेत्रोव्ना बेकर’, कंसात ‘श्टाल’. आता आजींचे यजमान तर व्हिक्टर. मग ‘पेत्रोव्ना’मधला हा पीटर कोण? यादीत शोधलं तर खरंच एक पीटर श्टाल आहे. म्हणजे आजींचं पहिलं लग्न पीटर श्टालशी झालं होतं आणि दुसरं व्हिक्टर बेकरशी. पहिल्या नवऱ्याचं नाव त्यांनी टाकलं नाही, जपलं.

एवढंच असतं तर ठीक. पण यादीतल्या सहाही विवाहित बायकांचं तेच! प्रत्येकीचं मधलं नाव एका पुरुषाचं आणि संसार दुसऱ्याच पुरुषाशी. सहाही जणींनी दुसरं लग्न केलं. आणि कुणी लपवलं नाही, नावातच मिरवलं.

वंशवृक्ष काढायचं सॉफ्टवेअर दर वेळी विचारतं: ‘या व्यक्तीला आधीच एक जोडीदार आहे. दुसरा जोडायचा?’ मी सहा वेळा ‘हो’ दाबलं. एकदा त्यानं पिवळा त्रिकोण दाखवला, कारण पीटर १९०९चा आणि आजी १९३४च्या. पंचवीस वर्षांचं अंतर. त्या काळी आपल्याकडेही चालायचंच. त्रिकोण बंद केला.

एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. या सहाही जणींचे वडील कुठं सापडत नाहीत. ‘वडील: अज्ञात’ असं सहा वेळा लिहिलं. युद्धात किती माणसं पुसली गेली असतील.

३ ऑगस्ट, रविवार

आजींना कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, टरबुजाचा रस प्यायला नेलं. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, याला टरबूज म्हणत नाहीत. व्होल्गाकाठी टरबुजं इतकी पिकायची की रस आटवून काकवीसारखा पाक करून वर्षभर पावावर लावून खायचे.

ॲलेक्सना विचारायचं धाडस मला होत नाही. मुलाला त्याच्या आईच्या पहिल्या नवऱ्याबद्दल कसं विचारणार? कदाचित त्यांना माहीतही नसेल. म्हणून आज आजींसमोरच सहज नाव काढलं. म्हटलं, माझ्या क्लासमध्ये पीटर नावाचे एक सर होते. (नव्हते.)

आजींनी ग्लास खाली ठेवला. म्हणाल्या, “माझाही एक पीटर होता. मला खांद्यावर बसवून टरबुजाच्या शेतात न्यायचा. मी त्याचे कान धरायचे.”

खांद्यावर! मग त्या म्हणाल्या, त्याला सक्तीच्या कामाच्या छावणीत नेलं आणि तो परत आला नाही. तेवढं सांगून त्यांनी पर्समधून सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि साल थुंकायला इथं कुठं परवानगी आहे का विचारलं. कुठंच नाही म्हटल्यावर बिया परत ठेवल्या.

येताना एमआरटीच्या गाडीत सारखं तेच डोक्यात. बायकोला खांद्यावर घेऊन शेत दाखवणारा माणूस. आणि तो गेल्यावरही जगायची हिंमत न सोडता व्हिक्टरशी लग्न करणारी ही बाई. यांच्यापुढं आपण किती भित्रे.

१० ऑगस्ट, रविवार

आज मावशीला सगळं सांगितलं. झाडाचं, सहा बायकांचं, पीटरच्या खांद्याचं. म्हटलं, हे शिकले-सवरलेले शहरातले लोक नव्हेत, साधे शेतकरी. त्यांच्या बायकांना जमलं तर तुला का नाही?

मावशीचं मध्येच दुसरं चालू होतं. तिच्या शिलाई मशीनची मोटर पुन्हा बिघडली. या महिन्यात तिसऱ्यांदा. नलावडे येऊन दुरुस्त करून जातात, चहा घेतात, कस्तुरीचं गणित घेतात, आणि आठवड्यानं मोटर परत बंद. मी म्हटलं, असल्या कारागिराचा काय उपयोग, मी इथून नवी मोटर पाठवते. मावशी घाईघाईनं म्हणाली, “नको गं बाई, हीच चांगली आहे.” तिचं कशातच लक्ष नसतं. मला तिची काळजी वाटते.

झाडाचा फोटो मात्र तिनं मागून घेतला. आजी आणि पीटर यांच्याभोवती मी लाल गोल काढला, शेजारी मराठीत नावं आणि सालं लिहिली. थोड्या वेळानं तिचा फोन: “अशू, हा पीटर नऊ सालचा ना?” हो म्हटलं. “आणि तुझी आजी चौतीसची.” हो. तिनं दोन्ही सालं पुन्हा एकदा म्हटली. मग म्हणाली, “बरं. हाच फोटो जरा मोठा करून पाठव. ताईला चष्म्यातूनही नीट दिसत नाही.”

३१ ऑगस्ट, रविवार

आईचा सूर बदललाय! तिनं तो फोटो भिशीच्या बायकांना दाखवला. “जर्मनीच्या खानदानी बायका, सहाच्या सहा जणींनी केलंय,” असं सांगितलं म्हणे. शेतकरी आहेत असं मी दोनदा सांगूनही खानदानी हे तिनंच घातलं. सावंतवहिनी म्हणाल्या, गोऱ्यांचं काय घेऊन बसलात. त्यावर आईनं त्यांना ऐकवलं, “गोऱ्या बाईला नवरा गेल्याचं दुःख कमी होतं का?”

हे वाक्य माझं नाही. आईचं स्वतःचं आहे. मी दोनदा लिहून काढलं.

आता पितृपक्ष संपेपर्यंत विषय नाही. दसऱ्याला बघू, म्हणाली. ‘बघू’ म्हणाली! एका वंशवृक्षानं एवढं होऊ शकतं. मी उगाच सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये पडले असं आज प्रथमच वाटलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

झाड छापायला जायच्या आधी ॲलेक्सना दाखवायला घेऊन गेले. ऑफिसखालच्या कॅफेत कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसलो. त्यांनी कागद उघडला, वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि तोंडातला टोस्ट ठसक्यानं बाहेर आला.

“अश्लेषा, तू माझ्या आईचं लग्न माझ्या आजोबांशी लावलंस.”

मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी पेन काढून समजावलं. पेत्रोव्ना म्हणजे पीटरची मुलगी. रशियात बाईच्या मधल्या नावात बापच असतो, लग्नाआधी, लग्नानंतर, मरेपर्यंत. कंसात माहेरचं आडनाव. नवऱ्याचं फक्त आडनाव लागतं.

मी विचारलं, म्हणजे यांच्यात दोन लग्नं...? ते म्हणाले, “एकीनंही नाही. माझी आई तर व्हिक्टर बेकर सोडून कुणाला डोळा वर करूनही बघायची नाही.”

माझ्या पासपोर्टवर पप्पांचं नाव आहे. आईच्या आधार कार्डावरही पप्पांचंच आहे, कारण ते तिचे नवरे. लग्न झालं की मधलं नाव बदलतं, यापलीकडे काही असू शकतं हे मला सुचलंच नाही. दोन महिने. पिवळा त्रिकोण मी स्वतः बंद केला.

ॲलेक्स रागावले नाहीत. उलट त्यांना इतकं हसू येत होतं की शेजारच्या टेबलावरच्या चिनी काकांनी, “आर यू ओके?” म्हणून विचारलं. पण मला सारखा तो खांदा दिसत होता. तो माणूस बायकोला नव्हता नेत टरबुजाच्या शेतात. पाच-सहा वर्षांच्या मुलीला नेत होता.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस बसून झाड दुरुस्त केलं. सहाही हरवलेले वडील सापडले. ते कुठं गेलेच नव्हते. मीच त्यांना मुलींच्या शेजारी नवरे म्हणून उभं केलं होतं. पीटरला उचलून आजींच्या वर ठेवलं आणि ज्या अमालिया श्टालला मी पीटरची वहिनी ठरवलं होतं ती त्याची बायको, आजींची आई, त्याच्या शेजारी येऊन बसली. सगळं असं पटापट जुळत गेलं की रडूही आलं आणि हसूही.

झाडाचं झालं. पण मावशीचं? आईचा होकार त्या सहा बायकांवर उभा आहे, आणि त्या सहा बायका माझी चूक आहेत. सांगितलं तर आई मागं फिरेल. नाही सांगितलं तर मावशीचा संसार माझ्या खोट्यावर. सुचित्राताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लग्न होईपर्यंत गप्प बस. मला ते पटत नाही. पण आज फोन केला नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

आईचाच फोन आला. नलावड्यांनी सकाळी सोनं दिलं, तिनं घेतलं, आणि हो म्हणून टाकलं. मागून कस्तुरी ओरडत होती. मी सांगणार होते. “आई, एक बोलायचंय,” असं म्हटलंही. ती म्हणाली, नंतर, आधी पेढे वाटू दे.

मी नुसतं अभिनंदन म्हणाले. भित्री आहे मी.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाढदिवस झाला. ॲलेक्सच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं, तीन भाषा, आणि भिंतभर झाड. आजी काठी टेकत त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. मग पीटरच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “पापा.” तेवढंच.

मला राहवेना. जेवणानंतर त्यांच्या खुर्चीशेजारी बसून सगळं कबूल केलं. दोन नवरे, खांदा, मावशी, आईची भिशी. आजी हसता हसता खुर्चीतून घसरायला आल्या. कॅनडाहून आलेल्या मावसबहिणीला हाक मारून रशियनमध्ये सांगितलं, मग तीही हसायला लागली, मग पूर्ण टेबल.

हसणं ओसरल्यावर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, खरी गोष्ट ऐक. पापा गेला तेव्हा आई एकतीस वर्षांची होती. कझाकस्तानातल्या त्या वस्तीत एक माणूस होता, त्याचीही बायको वारलेली. तो आम्हाला सरपण फोडून द्यायचा. मला बिया द्यायचा, सूर्यफुलाच्या. त्यानं आईला विचारलं. आईनं नाही म्हटलं. लोक काय म्हणतील म्हणून. लोक कोण, तर आमच्यासारखेच उपाशी मरणारे. आई पुढं चाळीस वर्षं एकटी राहिली.

“आणि मला तो माणूस आवडायचा,” आजी म्हणाल्या. “मला कुणी विचारलं नाही. तुझ्या मावशीला सांग, आमच्यात कुणी केलं नाही. म्हणून तू कर.”

१३ ऑक्टोबर, सोमवार

आधी मावशीला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून सूं-सूं आवाज येत होता. मी म्हटलं, मावशी, रडतेस का?

“रडत नाही गं, टाका घालत्येय. अशू, तो पीटर नऊचा, आजी चौतीसची. बाप आहे हे मला फोटो बघतानाच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“ताई फोटो बघत होती ना.”

म्हटलं, आणि ती मोटर? ती म्हणाली, मोटरीला काय झालंय, मोटर उत्तम आहे. मग फोनवरच इतकी हसली की मशीनवरची कापडं खाली पडल्याचा आवाज आला.

तरी आईला सांगायचंच होतं. मावशी म्हणाली, सांग, तुझं पोट दुखेल नाहीतर. सांगितलं. आजींच्या आईचीही गोष्ट सांगितली, बियांसकट. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

“म्हणजे त्यांच्यात एकीनंही नाही केलं?”

“नाही, आई.”

अजून एक शिट्टी झाली. मग तिनं गॅस बंद केला.

“मग आपली मालती पहिली,” आई म्हणाली. “तू पहिली शिकलीस, ही पहिली हे करेल. होऊ दे.” आणि लगेच, “भिशीत मात्र मी काही सांगणार नाही हां. सावंतवहिनी समोर असतात.”

२४ नोव्हेंबर, सोमवार

कराडात आज रजिस्टर लग्न झालं. फोटोत नलावडे ताठ उभे आहेत आणि कस्तुरी त्यांच्या खांद्यावर बसली आहे. दहा वर्षांची घोडी, पाय पार त्यांच्या पोटापर्यंत आलेत. तिनं त्यांचे दोन्ही कान धरलेत. फोटो आजींना पाठवला. त्यांचं उत्तर अजून नाही आलं, ॲलेक्स म्हणाले, आई तो फोटो हातात घेऊनच बसली आहे.

पप्पांनी चार जणांना विचारून पणजोबांचं नाव शोधून काढलं, म्हणून संध्याकाळी सॉफ्टवेअर उघडलं आणि आमचं झाड सुरू केलं. आईकडची फांदी, मग मालती मावशी. काकांचं नाव घातलं. मग प्रबोध नलावडे. सॉफ्टवेअरनं नेहमीसारखं विचारलं: ‘या व्यक्तीला आधीच एक जोडीदार आहे. दुसरा जोडायचा?’

या वेळी नीट वाचलं. मग ‘हो’ दाबलं.